इंदूरमध्ये नवीन आहात? पावसाळा सरतानाचे शनिवार-रविवार असे वापरा

इंदूरच्या पहिल्या वर्षी आमच्या फ्लॅटमधल्या चौघांनी अकरा सहली ठरवल्या आणि तीन केल्या. बाकीच्या आठ शुक्रवारी रात्री ग्रुपवर जोरात सुरू झाल्या आणि शनिवारी दुपारी साडेबाराला, डोक्यावर ऊन घेऊन, कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या गाडीवर संपल्या. जागांची कमी नव्हती. शंभर किलोमीटरच्या आत धबधबे आहेत, नर्मदा आहे, मांडूचा किल्ला आहे. आम्ही घराबाहेरच पडत नव्हतो. दुसऱ्या वर्षी थोडी अक्कल आली. पुणे, जळगाव, नागपूरकडून नोकरीला किंवा शिकायला नुकतंच इथे आलेल्यांसाठी ती क्रमाने लिहून ठेवतो.

पहिली पायरी: शनिवार मोजा

अनंत चतुर्दशी ते कार्तिकी पौर्णिमा हा आपला हंगाम. ऐकायला दोन महिने वाटतात, पण हाती येतात आठ-नऊ शनिवार-रविवार. त्यातले दिवाळीच्या आगेमागेचे दोन गेले, कारण सगळे घरी पळतात. दसऱ्याचा एक गेला. एक कुणाच्या तरी तापात किंवा कुणाच्या तरी साहेबाच्या 'अर्जंट'मध्ये जातो. उरले चार-पाच. हा आकडा फ्लॅटच्या फ्रिजवर लिहून चिकटवा. आमच्याकडे तो लिहिल्यावरच लोक गंभीर झाले.

त्या चार-पाचांचा क्रमही ऋतूच ठरवतो. आधी पाणी, मग घाट, शेवटी दगड. सप्टेंबरअखेर धबधबे भरलेले असतात आणि डोंगर हिरवेगार. ऑक्टोबरच्या मध्याला गवत पिवळं पडायला लागतं. दुपारचं ऊन आपल्याकडच्या ऑक्टोबर हीटइतकंच चावतं, पण माळव्याचं पठार साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे रात्री गार होतात. नोव्हेंबरात धबधब्यांची धार बारीक झालेली असते आणि आकाश स्वच्छ, म्हणजे किल्ला पाहायचे दिवस. आम्ही पहिल्या वर्षी नेमकं उलटं केलं. सप्टेंबरात मांडूला जाऊन दोन दिवस धुकं पाहिलं आणि नोव्हेंबरअखेर पाताळपाणीच्या धबधब्याला जाऊन ओला खडक.

अनंत चतुर्दशीच्या आसपास मात्र गावाबाहेर जाऊ नका. त्या रात्री कापड गिरण्यांच्या नावाने झांकी निघतात, दिव्यांनी लखलखणारे चालते देखावे, पहाटेपर्यंत. हुकुमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली, तरी तिची झांकी निघते. गिरणीचा भोंगा कधीही न ऐकलेली पोरं तिच्यापुढे नाचतात. मुंबईच्या गिरणगावाशी ज्यांचं नातं आहे त्यांनी तर हे बघायलाच हवं. गाडी लांब लावा, चालत जा, खिशात फक्त फोन आणि थोडे पैसे.

दुसरी पायरी: माणसं

दुचाकींवर जायचं, तेव्हा चार किंवा सहा. पाच नको, कारण पाचवा कुणाच्या तरी मागे बसतो आणि प्रत्येक थांब्यावर गाडी बदलायची चर्चा होते. आठच्या वर गेलात तर ती सहल उरत नाही, वरात होते. दर वेळी एक जण मुकादम नेमा. कुठे थांबायचं, कधी निघायचं हे तो सांगेल आणि बाकीचे ऐकतील. पुढच्या वेळी मुकादम दुसरा, त्यामुळे सूडही घेता येतो.

वेळेचा नियम आम्हाला घरमालकीण काकूंनी दिला. काकूंचं माहेर-सासर दोन्ही इथलंच, चार पिढ्या इंदुरात, आणि मराठी अस्सल इंदुरी. एकदा आम्हाला साडेदहाला जिन्यात हेल्मेटं घेऊन उभं बघून म्हणाल्या, "आत्ता जाऊन राहिलात तुम्ही लोकं? मग काय तिथे चटके खायला?" तेव्हापासून पावणेसहाला पोह्यांच्या गाडीवर जमायचं ठरलं. घराच्या दारात जमायचंच नाही. दारात जमलं की कुणीतरी परत आत जातो. गाडीवर सहापर्यंत वाट बघायची. न आलेल्याने मागून यायचं किंवा झोपायचं. पहिल्यांदा एकाला खरंच सोडून गेलो तेव्हा रूमवर दोन दिवस अबोला होता. पुढच्या शनिवारी तोच सगळ्यात आधी हजर होता, साडेपाचला.

पोह्यांबद्दल एक सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्याच सकाळी भांडण होईल. हे आपले कांदेपोहे नव्हेत. इथे पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेवर गरम ठेवतात, त्यात बडीशेप असते, चव किंचित गोड असते, वरून शेव, कच्चा कांदा आणि जिरावण मसाला पडतो, सोबत जिलबी. आमच्या सांगलीत असं कुणी केलं असतं तर आत्याने ताट परत पाठवलं असतं. तिसऱ्या आठवड्यात मी जिरावणाची पुडी घरी नेली.

तिसरी पायरी: गाडी

स्वतःची दुचाकी नसेल तर भाड्याने मिळते. नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतील तरच घ्या. भाड्याने द्यायच्या गाड्यांची पाटी तशी असते. पांढऱ्या पाटीची गाडी कुणी 'आपलीच आहे भिया, घेऊन जा' म्हणून दिली तर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करू शकते. गाडी घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, प्रत्येक ओरखडा दिसू द्या. आणि ब्रेक गल्लीत दोनदा दाबून बघा. मी एका दुकानातून घाईत घेतलेल्या गाडीचा मागचा ब्रेक घाटात उतरताना समजला, म्हणजे नसल्याचं समजलं. पहिल्या गिअरवर, जीव मुठीत धरून खाली आलो. दुकानदाराने परत आल्यावर निवांतपणे सांगितलं, "बोलना था ना."

हेल्मेट दोघांनाही, मागच्यालाही. टाकी गावातच भरा. जाऊन-येऊन १८० किलोमीटर आणि गाडी लिटरला ४५ देत असेल तर चार लिटर लागतात, पाच टाका.

या दिवसांतला खास माळवी धोका म्हणजे सोयाबीन. सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी चालू असते. गावाच्या आतल्या रस्त्यांवर कुठे सोयाबीन वाळत घातलेलं असतं, कुठे मळणीयंत्राचा भुसा डोळ्यांत उडतो. दाण्यांवरून चाक गेलं की गोट्यांवरून गेल्यासारखं घसरतं, तेव्हा तिथे ब्रेक मारायचा नाही, आधीच वेग कमी करायचा. आणि अंधार पडल्यावर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. म्हणून परतीची वेळ निघण्याच्या वेळेपेक्षा महत्त्वाची. साडेसहाच्या आत शहराच्या हद्दीत. यावर मुकादमालाही सूट नाही.

चौथी पायरी: आधी अर्ध्या दिवसाची सहल

पहिल्याच फटक्यात मांडू नको. नव्या ग्रुपची परीक्षा छोट्या सहलीत घ्यावी. हातोदच्या बाजूला गुलावट नावाचं गाव आहे, शहरापासून तासाभराच्या आत. यशवंत सागर धरणाच्या मागे पसरलेल्या पाण्यात तिथे कमळं फुलतात, आणि सप्टेंबर ते डिसेंबर त्यांचे भराचे दिवस. कमळ सकाळी उमललेलं असतं, ऊन चढलं की मिटायला लागतं. अकराला पोचलेल्यांना पानं दिसतात. नावेत बसायचं असेल तर लाइफ जॅकेट अंगात घालून, मांडीवर ठेवून नव्हे. फुलं तोडू नका. ती विकणाऱ्यांची रोजी आहे. एवढं करून दहापर्यंत परत, बाकी शनिवार कपडे धुवायला मोकळा. ज्याला इतकंही उठवत नाही त्याच्यासाठी राळामंडळ आहे. होळकरांच्या शिकारगाहीची टेकडी, शहराला लागूनच, वरपर्यंत चालत जायचं. मला ती फारशी भावली नाही, पण पायांना सवय होते.

पाचवी पायरी: पाताळपाणी, पण जरा दुरून

महूच्या पुढे चोरल नदी सुमारे तीनशे फूट खाली उडी घेते, ते पाताळपाणी. महूत बाबासाहेबांचं जन्मस्थळ वाटेतच आहे; १४ एप्रिल १८९१ला ते इथल्या लष्करी छावणीत जन्मले. अर्धा तास काढा, चप्पल बाहेर, फोन खिशात.

धबधब्यापाशी कठड्याच्या आत उभं राहून बघायचं, बस. २०११च्या जुलैत इथे पात्रात उतरलेल्या माणसांभोवती बघता बघता पाणी वाढलं आणि ती वाहून गेली. ऊन पडलेलं असतानाही हे होतं, कारण पाऊस आपल्या डोक्यावर पडत नसतो, वर कुठेतरी पडलेला असतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत आली, आवाज बदलला, की पाय बाहेर काढायचे आणि मग विचार करायचा. हेच सिमरोलकडच्या तिंछा धबधब्याला आणि इतर सगळ्या कुंडांना लागू. आमच्यातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आम्ही उतरू देत नाही. कोल्हापूरच्या रंकाळ्यात पोहायला शिकलोय, असं तो ऐकवत असतो. ऐकतो आम्ही.

पाताळपाणीहून काळाकुंडला जुन्या मीटरगेज मार्गावर हेरिटेज गाडी २०१८च्या डिसेंबरात सुरू झाली. साडेनऊ किलोमीटर, बोगदे, पूल, उजवीकडे-डावीकडे दरी. ही गाडी रोज धावत नाही, म्हणून शुक्रवारी रेल्वेच्या साइटवर वार आणि वेळ बघूनच बेत करा. या मार्गामागची गोष्ट डब्यात सांगण्यासारखी आहे. इंदूरला रेल्वे यावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यायचं! आमचा हिशेबनीस हे ऐकल्यापासून 'व्याज किती' एवढंच विचारतो. साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षं. काळाकुंड स्टेशनवर पळसाच्या पानांच्या द्रोणात कलाकंद मिळतो. एक द्रोण दोघांत घेऊ नका, भांडण होतं.

सहावी पायरी: जाम दरवाजा आणि महेश्वर

हंगामात एकच सहल जमणार असेल तर ही करा. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, नवरात्र बघून.

महूवरून मंडलेश्वरच्या रस्त्याला लागायचं. छावणीचा शिस्तीचा रस्ता संपला की शेतं, मग साग, आणि विंध्याच्या कड्यावर अचानक एक दगडी दरवाजा उभा. अहिल्याबाईंच्या काळातला हा जाम दरवाजा. इकडे माळव्याचं पठार संपतं, तिकडे खाली निमाड सुरू होतो. साडेसातच्या आत पोचलात तर खालची दरी ढगांनी भरलेली असते आणि दरवाजावर तुम्ही आणि दोन-तीन माकडं. नऊनंतर रील काढणाऱ्यांची रांग लागते. कड्याच्या टोकाला पाठ दरीकडे करून फोटो काढू नका. दवाने दगड निसरडा असतो.

इथून घाट उतरताना एक गंमत होते. अंगातलं जॅकेट तिसऱ्या वळणावर नकोसं होतं. निमाड खाली आहे, गरम आहे, कापूस आणि मिरचीचा मुलूख. घाट उतरताना पहिला-दुसरा गिअर, ब्रेक धरून ठेवायचा नाही, आणि दोन गाड्यांत अंतर. मंडलेश्वरला नर्मदा दिसते, तिथून महेश्वर दहाएक किलोमीटर.

महेश्वरला मराठी माणसाने काय बघावं हे मी सांगायला नको, पण कसं बघावं ते सांगतो. सगळे थेट घाटावर जातात. तुम्ही आधी वर जा, अहिल्याबाईंच्या वाड्यात. राजवाडा म्हणून आत शिरलात तर निराशा होईल. लाकडी खांब, साधं अंगण, एका बाजूला गादी. १७६७ ते १७९५ एवढा काळ माळव्याचा कारभार या ओसरीवरून चालला. मी कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहून मोठा झालेला. इथे आल्यावर मला आमच्या आजोळच्या पडवीची आठवण झाली. मग त्याच पायऱ्यांनी घाटावर उतरा, म्हणजे त्या भव्य दगडी घाटाचं आणि त्या साध्या ओसरीचं गणित डोक्यात आपोआप जुळतं. खर्च कुठे केला आणि कुठे नाही, ते दिसतं.

घाटावर पाण्यात पाय सोडून बसा, पोहू नका. वर ओंकारेश्वरचं धरण आहे आणि पाणी सोडलं की पातळी वाढते. नावेने बाणेश्वराच्या मंदिरापर्यंत जाता येतं, नदीच्या मधोमध आहे ते. भाव आधी ठरवायचा आणि माणशी की नावेचा हे स्पष्ट विचारायचं; आम्ही ते विचारलं नव्हतं आणि चौपट मोजले.

आईसाठी महेश्वरी साडी घ्यायची असेल तर आधी किल्ल्यातल्या रेहवा सोसायटीत माग चालू असताना बघा, म्हणजे हातमाग काय असतो ते कळेल. मग बाजारात जा. एकदम विकत घेऊ नका, घरी फोटो पाठवा. माझ्या आईने व्हिडिओ कॉलवरून दुकानदाराशी अर्धा तास घासाघीस केली. ती सांगलीतून मराठीत आणि तो इथून निमाडीत. किंमत शेवटी उतरली.

साडेतीनला निघा. परत येताना धामनोदहून मोठ्या हमरस्त्याने मानपूर, मग राऊ. घाटात ट्रकांच्या रांगा असतात. उतरणाऱ्या ट्रकांपासून लांब राहा आणि दोन ट्रकांच्या मधल्या फटीत घुसू नका. महेश्वरचा संध्याकाळचा घाट असा हुकतो, हे खरं आहे. हळहळ वाटत असेल तर खोली घेऊन राहा, पण त्या हळहळीपोटी सातला निघून अंधारात घाट चढू नका.

सातवी पायरी: मांडू, मुक्कामाने

दिवाळीनंतर. एका दिवसात मांडू होतं असं सांगणारे जहाज महालासमोर फोटो काढून परत आलेले असतात. साधारण शंभर किलोमीटर आहे. शनिवारी जा, रविवारी दुपारी निघा. बसने जायचं तर गंगवाल स्टँडवरून धार आणि धारहून मांडू. मुक्कामाची खोली आठवडाभर आधी फोनवर नक्की करा. मुलं-मुली एकत्र असाल तर तेही फोनवरच सांगून टाका. आधार सगळ्यांची जवळ ठेवा.

मांडूत पोचल्यावर गाड्या लावून टाका आणि सायकली भाड्याने घ्या. शनिवारी दुपारी जामी मशीद आणि होशंगशाहाची कबर, मग उन्हं उतरताना जहाज महाल. दोन तलावांच्या मध्ये एकशेवीस मीटर लांब इमारत. तलाव नोव्हेंबरात अजून भरलेले असतात, म्हणूनच जहाज जहाजासारखं दिसतं. मे महिन्यात ते जमिनीवर लागलेलं असतं. होशंगशाहाच्या संगमरवरी कबरीपाशी गाइड हमखास सांगतो की ताजमहाल बांधायच्या आधी शाहजहानचे वास्तुविशारद हिचा नमुना बघायला आले होते. ते आले होते हे खरं, दारावर लेख आहे. पण लेखातलं साल आहे १६५९, म्हणजे ताज तोवर बांधून झालेला. मुकादमाने इथे गाइडशी वाद घालू नये. आमच्या मुकादमाने घातला आणि पुढची माहिती आम्हाला दोन-दोन शब्दांत मिळाली.

रविवारी सूर्योदयाला रूपमती महाल. सायकलने शेवटचा चढ जीव काढतो, उतरून ढकला. वरून हवा स्वच्छ असेल तर दूर खाली नर्मदेची चांदीसारखी रेघ दिसते. तिचं दर्शन घेतल्याशिवाय राणी रूपमती जेवत नसे, अशी दंतकथा आहे. आम्हाला पहिल्या वर्षी धुक्यात काहीच दिसलं नव्हतं, तरी आम्ही जेवलो होतो.

खायला दाल-पानिये मागा. मक्याच्या पिठाचे जाड पानगे, पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेले, आपल्या पानगीचे दांडगे चुलतभाऊ. रस्त्याकडेला टोपल्यांत सीताफळं असतात, आणि 'मांडू की इमली' म्हणून हिरवी मोठी फळं दिसतील, ती गोरखचिंचेची. आतला पांढरा गर चोखून बघा. झाडंही बघा, हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची.

शेवटची पायरी: सराफा आणि हिशेब

रविवारी रात्री थकून आल्यावर स्वयंपाक कुणीच करत नाही, म्हणून सराफ्यात जायचं. दिवसा तिथे सोन्याची दुकानं, ती बंद झाली की त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या. दहाच्या आधी गेलात तर शटरं बघाल. भुट्टे का कीस आधी, मक्याचे दाणे किसून दुधात शिजवलेले, कारण ताज्या कणसांचा हंगाम लवकर संपतो. साबुदाणा खिचडी इथे कढईत परतत नाहीत. वाफवलेला साबुदाणा समोर मसाला, लिंबू आणि फराळी चिवडा घालून कालवून देतात. नाक मुरडण्याआधी दोन घास खा. थंडी पडली की गराडू येतो, तळलेला कंद, वर जिरावण आणि लिंबू. जिलबी सोडून जिलेबा मागवलात तर चौघांत एकच. तो ताटाएवढा असतो.

हिशेब तिथेच मिटवा. सगळा खर्च एकाच्याच खात्यातून, बाकीच्यांची कॉन्ट्री निघतानाच जमा, उरलेल्यातून सराफा. सोमवारवर ढकललेला हिशेब आमच्याकडे महाशिवरात्रीपर्यंत चालला आहे. पेट्रोल गाडीवाल्याच्या माथी मारायचं नाही, आणि न आलेल्याकडून खोलीचं भाडं घ्यायचं की नाही हे जायच्या आधीच ठरवायचं.

परतताना काकूंसाठी खोपरा पॅटिस बांधून घ्या. जिना चढताना हेल्मेटं आपटू नका. बारा वाजून गेलेले असतात.